अवसेला गाडी हलवत नाहीत

हरभरा सोंगायला घेतला की सकाळी सातच्या आत शेतात पोचावं लागतं. ऊन चढलं की घाटे तडकतात आणि दाणा मातीत जातो, म्हणून दंवाची ओल आहे तोवरच विळा चालवायचा. परवा मीही गेले होते. विहिरीकडचा एक तुकडा उशिरा पेरलेला, अजून हिरवा होता. त्यात हात घातला आणि बोटांना आंब लागली. हरभऱ्याच्या पानांवर सकाळी जे आंबट पाणी धरतं, त्याला आमच्याकडं आंब म्हणतात. लहानपणापासूनच्या सवयीनं मी बोट जिभेला लावलं आणि तिथंच उभी राहिले. आधी आंबट लागलं, मागून खारट लागलं, आणि त्या खारटानं मला आमच्या जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या शिवारातून उचलून थेट कोकणातल्या वाळूत नेऊन उभं केलं.

शेजारच्या पातीवर शांताबाई होत्या. "बाई, कामून थांबल्या? विळा लागला का?"

"नाही हो. समुद्र आठवला."

"मंग झालं!" त्या बाकीच्या बायांकडं बघून हसल्या. "आता बाईची गाडी निघती बघा."

गावाला आमची गाडी ठाऊक आहे. दारातल्या लिंबाखाली ती उभी असते. एके काळचा बियाण्याचा टेम्पो, मागच्या फळीवर पुसट झालेलं कणीस आणि त्याखाली 'बियाणे' एवढी अक्षरं. आत फळ्यांचं पलंगवजा बाक, एक छोटी शेगडी, पाण्याची टाकी, आणि मोडीत निघालेल्या एसटीची एक सरकती खिडकी. ती खिडकी जालन्याच्या हमीदभाई वेल्डरनं बसवली. बसवताना तो आमच्या ह्यांना म्हणाला होता, "उस्ताद, जिंदगीभर इसमें माल भरा, आता स्वतःला भरा." मला ते वाक्य फार आवडलं होतं. ह्यांना आवडलं नव्हतं, कारण भरला जातो तो माल आणि चालवतो तो उस्ताद, हा फरक त्यांना चांगला समजत होता.

हे म्हणजे माझे यजमान. सत्तावीस वर्षं त्यांनी टेम्पो चालवला. जालन्याच्या एमआयडीसीतून बियाण्याची पोती भरायची आणि मंठा, परतूर, जिंतूर करत कधी पार नांदेडपर्यंत पोचवायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. गावात सगळे मला 'बाई' म्हणतात, आणि हेही मला बाईच म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा म्हणाले तेव्हा चिडवायला म्हणाले होते, पुढं तेच नाव पडलं.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, त्यांच्या डाव्या अंगावरून लकवा गेला. पाय महिनाभरात सावरला, बोलणंही सावरलं. डावा हात मात्र खांद्यापासून उठायचा, आणि बोटं ऐनवेळी दगा द्यायची. ज्याला गाडी येते त्याला पुढचं सांगायला नको. गिअर डाव्या हाताला असतो. डॉक्टरांनी गाडी बंद केली. त्यानंतर हे रोज सकाळी लिंबाखाली खुर्ची टाकून टेम्पोकडं तोंड करून बसू लागले. दिवसातून एकदा आत चढायचे, बॅटरी उतरू नये म्हणून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचे, आणि उतरून पुन्हा खुर्चीत बसायचे. घरात दोन रिकामी माणसं, आणि त्यातलं एक दिवसेंदिवस गप्प होत चाललेलं. मला माणूस असा डोळ्यांसमोर मुका होताना बघवत नव्हता.

आमचा योगेश जालन्यात रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर आहे. वडिलांना तो दादा म्हणतो. त्यानं टेम्पोला गिऱ्हाईक बघितलं. "आई, दादा त्या गाडीकडं बघून बघून झुरून राह्यले. नजरेआड झाली तर बरं." पोरगं काही वाईट सांगत नव्हतं. पण मला नेमकं उलटं वाटत होतं. गाडी गेली की हे खुर्चीतून उठायचेच नाहीत, असं माझं मन सांगत होतं. मी म्हटलं, गाडी विकायची नाही, मी शिकते.

त्या वर्षी मला अठ्ठावन्न पुरी झाली होती. जाफराबादच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माझ्यासोबत शिकणारी पोरं माझ्याच हाताखाली शिकलेली. मला पास व्हायला दोन खेपा लागल्या तेव्हा त्यांतलं एक जण म्हणालं, "बाई, पुन्हा परीक्षा, आता तुम्हाला कळलं." लायसन मिळाल्यावर टेम्पो शेतात नेला. सोयाबीन निघालेलं, रान मोकळं, धडकायला बांधाशिवाय काही नाही. हे बांधावर बसून ओरडायचे. "क्लच! क्लच सोडून राह्यली का बैल सोडून राह्यली?" काळ्या मातीत एकदा चाक रुतलं तेव्हा मात्र उठून आले, चाकाखाली बारदाना कोंबला, म्हणाले, "रेस देऊ नको. जितकी रेस देशील तितकं ते खड्डा खणतं. हळू सोड, तिला वाटू दे की तिचं ती निघून राह्यली." एवढा एकच धडा त्यांनी मला सरळ तोंडानं दिला, बाकी सगळा ओरडून.

कोकणात का, असं बरेच जण विचारतात. तीस वर्षं मी पोरांना भूगोल शिकवला. दर वर्षी भरती-ओहोटीचा धडा यायचा. फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी असे तीन गोळे, पृथ्वीभोवती निळ्या खडूनं फुगलेलं पाणी. अमावास्या-पौर्णिमेला तिघं एका रेषेत येतात आणि मोठी भरती येते, तिला उधाणाची भरती म्हणतात. एकदा एका पोरीनं विचारलं, "बाई, पाणी माघारी जातं म्हणता, मंग परत कामून येतं?" आमच्याकडं पाणी एकदा वाहून गेलं की गेलं, परत आलेलं कुणी बघितलेलं नाही. मी तिला पुस्तकातलं उत्तर दिलं. पोरीचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. समुद्र मी तोवर बघितला नव्हता. ह्यांनीही नाही, कारण बियाण्याचा टेम्पो कधी घाट उतरत नसे. म्हणून मी ठरवलं की घाट उतरायचा.

योगेश भडकला. त्याचं भांडण माझ्या गाडी चालवण्याशी नव्हतंच. "आई, तू चालवशील गं. पण दादा बसतील का गप? दुसऱ्याच्या हातातली गाडी त्यांना आजवर सोसली का?" हे मात्र शंभर टक्के खरं होतं. त्याच्या मामाच्या लग्नात वऱ्हाडाच्या बसमध्ये सगळे माना टाकून झोपले होते आणि हे सहा तास केबिनमध्ये उभे राहून त्या बसवाल्याला रस्ता सांगत होते. शेवटी तो बिचारा म्हणाला, "मालक, तुम्हीच चालवा, मी झोपतो." ह्यांचं त्यावर ठरलेलं वाक्य होतं. "दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत डोळा लागणारा ड्रायव्हर म्या अजून पाह्यला न्हाई." आणि झोपही कशी, तर इंजिनाला बांधलेली. स्वतःच्या टेम्पोत, माल भरताना, इंजिन चालू असलं की पाच मिनिटांत घोरायचे. इंजिन बंद झालं रे झालं की ताडकन उठून बसायचे. योगेश लहानपणी मुद्दाम चावी फिरवून ती गंमत बघायचा.

"घाटात त्यांनी स्टेअरिंगला हात घातला तर?" योगेशनं विचारलं. "त्यांचा उजवा हात चांगला आहे, आणि ते तुझ्या डाव्या बाजूला बसणार. बराबर तुझ्या स्टेअरिंगवर येतो तो हात." मी म्हटलं, येऊ देणार नाही. तो म्हणाला, "मंग ठरलं. दादा तुझ्या शेजारी जाऊन-येऊन नीट बसले, तर गिऱ्हाइकाचं नाव काढणार न्हाई. न्हाई बसले, तर गाडी विकायची." मी हो म्हटलं. हे खुर्चीत बसून सगळं ऐकत होते.

सोंगणी उरकली, हरभऱ्याची रास घरात आली, हमीदभाईनं टेम्पोत बाक आणि खिडकी बसवून दिली, आणि आम्ही निघालो. ज्वारीचं पीठ, लसणाची चटणी, उशिरा पेरलेल्या हरभऱ्याच्या हिरव्या घाट्यांची एक पिशवी, आणि बाकावर गादीखाली अंथरलेला बियाण्याचा जुना बारदाना. पहिले दोन दिवस मी सरळ रस्त्यानं चालवलं आणि हे ताठ बसून राहिले. मी ब्रेक दाबला की त्यांचाही उजवा पाय खाली दाबला जायचा. तिथं ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता, पण त्या पत्र्यावरचं रबर दोन दिवसांत घासून निघालं. रात्री बाकावर शांत झोपायचे, मात्र गाडी चालू असताना पापणी लवायची नाही. मी म्हणायची, जरा टेका. "तू पुढं बघ," एवढंच उत्तर.

कुंभार्ली घाटात व्हायचं तेच झालं. वळणावर समोरून ट्रक आला. माझ्या हिशेबानं जागा होती, त्यांच्या हिशेबानं नव्हती. त्यांचा उजवा हात सटकन आला आणि त्यांनी स्टेअरिंग डोंगराकडं ओढलं. गाडी गटाराच्या काठावर गेली. ट्रक निघून गेला. मी गाडी थांबवली तेव्हा मला भीतीपेक्षा राग जास्त आला होता.

"उतरा," मी म्हटलं.

"बाई, तो ट्रक..."

"ट्रकला जागा होती. उतरा, नाहीतर हात आवरा. दोन्हीपैकी एक. आणखी एकदा हा हात इकडं आला, तर योगेशची वाट बघणार नाही. मी स्वतः त्या गिऱ्हाइकाला फोन करीन."

एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी वर्गातल्या आवाजात कधी बोलले नव्हते. त्यांनी खाली दरीकडं बघितलं. मग त्यांनी काय केलं, तर उजवा हात स्वतःच्या मांडीखाली घातला आणि त्यावर बसले. शाळेत दंगेखोर पोरांना मी तशीच शिक्षा द्यायची. मला हसू यायला हवं होतं, आलं रडू. सत्तावीस वर्षं ज्यानं हात चालवला, त्याला मी हातावर बसवलं होतं. पण मी गाडी सुरू केली, कारण तिथं विरघळले असते तर गाडीही गेली असती आणि खुर्चीतला माणूसही.

पुढचे चार दिवस ते तसेच बसले. समुद्राच्या कडेकडेनं जाणारा तो रस्ता मी कितीदा तरी मनात पुन्हा चालवला आहे. एका बाजूला जांभा दगड, काजूचा मोहर, आणि दुसऱ्या बाजूला वळण संपलं की अचानक उघडणारं निळं पाणी. मैलोन्‌मैल वाळू आणि तिच्यावर कुणीसुद्धा नाही. आमच्याकडं एवढी मोकळी जागा असती तर कुणीतरी नक्की कापूस पेरला असता. गावात टेम्पो शिरला की बाया पिशव्या घेऊन बाहेर यायच्या. "कांदे कसे?" "लसूण आहे का?" घाटावरचा टेम्पो म्हणजे विकायला आलेलाच, असं तिथं पक्कं धरलेलं. आम्ही फिरायला आलोय म्हटलं की त्या टेम्पोकडं बघायच्या आणि मग आमच्या वयाकडं. मी मूठमूठ हिरवे घाटे वाटून टाकले. समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा मी काही मोठं म्हटलं नाही. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, आंबेसारखं. हे म्हणाले, "खरंच खारट हाये का?" तीस वर्षं शिकवलं त्याची त्यांना तेव्हा खात्री पटली.

महाशिवरात्रीला आम्ही समुद्राकाठच्या एका शंकराच्या देवळापाशी मुक्काम केला. त्या गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून आमच्यावर हसत असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी मला घाईघाईनं उठवलं. "बाई, जल्दी कर. साडेआठला अवस लागते."

अवस म्हणजे अमावास्या. अवसेला गाडी हलवायची नाही, हा ह्यांचा सत्तावीस वर्षांचा नेम. त्या दिवशी गाडी धुवायची, लिंबू-मिरची बदलायची, उदबत्ती लावायची आणि जागेवर उभी ठेवायची. कंपनीचा माल अडला तरी चालेल, अवसेला चाक फिरणार नाही. "तवा साडेआठच्या आत दिवसभर उभी ऱ्हाईल अशी जागा धर," ते म्हणाले.

जागा समोरच होती. देवळाखालून उतार वाळूवर जात होता, पाणी लांब मागं गेलेलं, आणि मध्ये घट्ट, सपाट, ओलसर वाळू. ह्यांनी उतरून टाच मारून बघितली. "बराबर हाये. आपल्या नदीच्या पात्रासारखी घट्ट हाये." आमच्याकडं वर्षाचे आठ-नऊ महिने नदीचं पात्र कोरडं असतं. त्यात बाजार भरतो, बैलगाड्या सुटतात, टेम्पो उभे राहतात. पात्र ही गाडी लावायची जागा आहे हे आमच्या हाडात आहे. मी टेम्पो खाली उतरवला, तोंड समुद्राकडं केलं, काचेतून दिवसभर समुद्र बघता यावा म्हणून, आणि इंजिन बंद केलं. सव्वासात झाले होते. ह्यांनी लिंबू-मिरची बांधली. मी भाकरी टाकली. तीस वर्षं भरती-ओहोटी शिकवलेल्या बाईनं, ऐन अमावास्येला, समुद्राच्या पात्रात गाडी लावून भाकरी टाकली.

नऊ वाजून गेले असतील. वरच्या अंगाला एक म्हातारी जाळ्यावर सुकट वाळत घालत होती. ती एकदम हातवारे करत धावत आली.

"अगो बाय, ही काय गाडी लावायची जागा? पाणी भरतंय, दिसत नाय?"

मी वळून बघितलं. मगाशी लांब असलेलं पाणी पुढच्या चाकांपासून वावभर अंतरावर होतं. ते धावून येत नव्हतं. एक लाट यायची, मागं जायची, आणि पुढची तिच्याहून हातभर वर यायची.

"किती येतं वर?" मी विचारलं.

"आज अमावास्या ना? आज उधाण. पार त्या सुरूच्या बुडाशी जातं."

सुरूची झाडं आमच्या मागं, उताराच्या वर होती. माझ्या डोळ्यांसमोर फळा उभा राहिला. तीन गोळे, एक रेघ, निळा खडू. परत कामून येतं म्हणून विचारणारी ती पोरगीसुद्धा दिसली. लाज अशी वाटली की कान तापले.

हे घुटमळले नाहीत. अवस विसरले, माझी ताकीद विसरले, उडी टाकल्यासारखे ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसले आणि चावी फिरवली. मी ओरडले, पण ते सत्तावीस वर्षांपूर्वीचे झाले होते. उजव्या हातात स्टेअरिंग, आणि डावा हात गिअरवर. रिव्हर्सला दांडा दाबून ओढावा लागतो. बोटं वळली नाहीत. त्यांनी मनगटानं रेटलं. गिअर पडला, पण पहिला. गाडी मागं यायच्या ऐवजी हिसका देऊन पाण्याकडं गेली. त्यांनी रेस दिली, मागची चाकं फिरली आणि वाळूत बसली. पुढच्या चाकांना पाणी लागलं.

इंजिन चालू होतं. ते काचेतून समोर बघत होते. डावा हात अजून दांड्यावर होता, आणि त्यांनी उजव्या हातानं तो उचलून मांडीवर ठेवला, दुसऱ्या कुणाची वस्तू बाजूला ठेवावी तसा. मी दारापाशी उभी होते. तेव्हा मी 'बघा, सांगत होते' म्हटलं असतं, तर समुद्रानं गाडी सोडली तरी मी त्यांना गमावलं असतं.

ते खाली उतरले. पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत आलं.

"तू बस," म्हणाले. "म्या मागं जातो."

मागं जातो, हे वाक्य दिसायला साधं आहे. टेम्पोच्या मागं क्लीनर जातो. उस्ताद पुढं बसतो आणि क्लीनर मागं उभा राहून रस्ता सांगतो. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे येऊ दे. सत्तावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या थापा ऐकल्या होत्या, स्वतः कधी मारल्या नव्हत्या.

त्यांनी एका हातानं बाकावरचा बारदाना ओढून काढला. गादी, उशा, पिठाचा डबा सगळं वाळूत फेकलं. म्हातारीनं झावळ्या ओढत आणल्या. दोघांनी मागच्या चाकांमागची वाळू हातांनी उकरली, आधी झावळ्या, वर बारदाना, दोन्ही चाकांखाली. तेवढ्यात आणखी दोन लाटा येऊन गेल्या. मी सीटवर बसले. क्लच दाबून धरला. मागून त्यांचा आवाज आला, शेतात यायचा तसाच.

"रेस देऊ नको! काळ्या रानात काढली तशी काढ! घाई न्हाई!"

घाई होतीच. समुद्र पुढून येत होता. पण मी दांडा दाबला, रिव्हर्स टाकला आणि थांबले. पत्र्यावर दोन थापा पडल्या. मी क्लच हळूहळू सोडायला लागले. चाक बारदान्यावर चढलं, घसरलं. एक थाप. थांबले. त्यांनी बारदाना पुन्हा कोंबला. दोन थापा. या वेळी गाडी हातभर मागं आली, मग आणखी हातभर.

"येऊ दे! येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."

आरशात मला ते दिसत होते. उजवा हात पत्र्यावर, डावा हात अर्धा उठलेला, उलटे चालत उतार चढणारे, आणि घसा फाटेस्तोवर मला बोलावणारे. झाडांपाशी पोचल्यावर एकच थाप पडली. मी ब्रेक दाबला. समोर, आम्ही भाकरी टाकली होती त्या जागेवरून लाट गेली आणि आमची एक उशी घेऊन माघारी फिरली.

मी इंजिन बंद करून खाली उतरले. मग ते म्हणाले, "अवसेला गाडी हलली."

"हलली."

"आता काय होतं ते बघू."

काहीही झालं नाही. म्हातारीनं मात्र हुकूम सोडला, गोड्या पाण्यानं धुवा, नाहीतर खार पत्र्याला खाऊन टाकील. तिच्या विहिरीवरून दुपारभर पाणी ओढून आम्ही टेम्पो धुतला. अवसेला गाडी धुवायचा नेम तेवढा पाळला गेला. धुता धुता, चाकावर पाणी मारताना, माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "रिव्हर्स बराबर घेतला." त्यांच्या तोंडून मला आयुष्यात मिळालेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र आहे, आणि माझ्याकडं शाळेतली काही कमी नाहीत.

लोक विचारतात, या वयात असं काय नडलं होतं? मला त्याचं उत्तर परवा शेतात सापडलं. हरभरा पाऊस संपल्यावर पेरतात. वरून काही मिळणार नाही हे धरूनच तो उगवतो, मातीत उरलेली ओल आणि पहाटेचं दंव एवढ्यावर घाटे धरतो. उरलेल्या ओलीवर पीक काढायचं ठरवलं तर हट्ट लागतो. मी हट्टी आहे, आणि त्याची मला बिलकुल लाज वाटत नाही.

परतीच्या शेवटच्या दिवशी जालना आलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. एमआयडीसीचा फाटा लागला. ह्यांनी त्या रस्त्याकडं मान वळवून बघितलं, पोती भरलेला एक टेम्पो बाहेर पडत होता. "लोड जास्त हाये त्याला," म्हणाले. टेंभुर्णीचा रस्ता धरला. तो रस्ता त्यांनी हजारदा चालवलेला, त्याचा खड्डा न् खड्डा त्यांना पाठ. पुढं एका पुलाचा खड्डा येतो, तो ते नेहमी आधीच सांगायचे. पूल आला, मी खड्डा चुकवला, आणि लक्षात आलं की कुणी काही सांगितलं नाही.

मी बाजूला बघितलं. त्यांची मान खिडकीला टेकली होती. तोंड किंचित उघडं, बारीक घोरणं चाललेलं. उजवा पाय सैल पडला होता, रबरावरून निसटलेला. आणि उजवा हात मांडीखालून कधीतरी बाहेर आला होता आणि आमच्या दोघांच्या मध्ये सीटवर उताणा पडला होता, बोटं उघडी. स्टेअरिंगपासून वीतभर. मला तो हात धरावासा वाटला. पण माझे दोन्ही हात कामात होते.

पुढं शेळ्यांचा कळप आडवा आला. मी हॉर्न वाजवला नाही. शेवटची शेळी जाईपर्यंत क्लच दाबून उभी राहिले. शेवटच्या त्या रस्त्यावर जितकं हळू आणि जितकं मन लावून मी गाडी चालवली, तितकं काही आयुष्यात केलेलं मला आठवत नाही.

दारात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. योगेश आलेला होता. आमची वाट बघत लिंबाखाली, ह्यांच्या त्या खुर्चीशेजारी उभा. गाडी थांबली तसा तो पुढं आला.

"आई, बंद कर न इंजिन, काय..."

आणि त्यानं खिडकीला टेकलेली ती मान बघितली. चावी फिरवून बापाची झोप उडवणारं ते पोरगं जागच्या जागी थांबलं. त्याचे डोळे भरलेले मला काचेतून दिसले. तो मागं सरकला आणि लिंबाखालची ती खुर्ची, आवाज होऊ न देता, उचलून आत घेऊन गेला.

मी गिअर काढला. हँडब्रेक ओढला. हात चावीपर्यंत गेला होता, तो परत घेतला. डिझेल जळत होतं. जळू दे म्हटलं.